वही कोणाजवळ? महाजालावरील स्वतंत्र चित्रफीत, स्वामित्व आणि प्रेक्षक

१

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात संपादकाइतकीच महत्त्वाची, परंतु वाङ्मयेतिहासात क्वचितच नोंदली गेलेली एक वस्तू आहे. ती म्हणजे वर्गणीदारांची वही. नाव, गाव, पत्ता, वर्गणी केव्हा संपते आणि मनिऑर्डर पोहोचली की नाही, एवढाच तिचा तपशील. पण नियतकालिक तगले की बुडाले, याचा निर्णय पुष्कळदा या वहीनेच केलेला असतो. छापखाना बदलता येतो, कागद उधारीवर आणता येतो, संपादकही बदलतात; वही हरवली तर मात्र नियतकालिकाचा वाचकांशी असलेला संबंधच तुटतो.

महाजालावर चित्रफिती प्रसिद्ध करणाऱ्या स्वतंत्र निर्मात्यांच्या व्यवहारात हाच शब्द ‘सबस्क्रायबर’ या इंग्रजी रूपाने मध्यवर्ती झालेला आहे. यूट्यूबसारख्या मंचावरील वाहिनीचे यश त्याच संख्येने मोजले जाते. परंतु या वर्गणीदाराने वर्गणी भरलेली नसते, आणि त्याहून महत्त्वाचे असे की, त्याचे नाव ज्या वहीत आहे ती वही निर्मात्याजवळ नसते. लाखो वर्गणीदार असलेल्या वाहिनीच्या चालकालाही त्यांचे पत्ते मंचाकडून मिळत नाहीत. त्याला दिसतो तो एक आकडा. वही मंचाच्या मालकाजवळ राहते.

स्वतंत्र चित्रफितीविषयीची चर्चा सामान्यतः दोन अंगांनी होते. एक, आशयाचे स्वातंत्र्य : निर्मात्याला हवे ते म्हणता येते की नाही. दुसरे, स्वामित्वाचे स्वातंत्र्य : कृतीचा हक्क कोणाकडे आहे. ही दोन्ही अंगे आवश्यक आहेत, पण पुरेशी नाहीत. कर्त्याकडे कृतीचा हक्क राहतो आणि कृती पोहोचविणारे नाते मात्र परक्याच्या ताब्यात जाते, ही या माध्यमाची खरी विशेषता आहे. हक्क आणि नाते यांच्या या फारकतीचा परिणाम केवळ अर्थव्यवहारावर होतो असे नव्हे; तो कृतीच्या रूपबंधावरही होतो. म्हणूनच हा प्रश्न वकिलांचा आणि व्यापाऱ्यांचा असला, तरी तितकाच समीक्षेचाही आहे.

२

स्वातंत्र्याचा प्रश्न साधनांच्या मालकीशी जोडलेला आहे, ही जाणीव मराठी वाङ्मयव्यवहाराला नवी नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा ती जवळजवळ एकहाती लेखनाची मासिक पुस्तिका होती. तेथेच न थांबता पुढे चित्रशाळा आणि आर्यभूषण छापखाना यांच्या उभारणीत त्यांनी लक्ष घातले. लेखणी आपली आणि खिळे दुसऱ्याचे, ही स्थिती फार काळ चालण्यासारखी नाही, याची खूणगाठ त्यात दिसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होता. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, ते बोलण्यासारखे काही नव्हते म्हणून नव्हे, तर असलेल्या पत्रांत त्या बोलण्याला जागा नव्हती म्हणून. १९२७ मध्ये सुरू झालेले ‘बहिष्कृत भारत’ १९२९ मध्ये बंद पडले, त्यामागेही मजकुराचा तुटवडा नव्हता. आर्थिक ओढाताण होती. ज्या समाजासाठी पत्र चालवायचे त्याच्याजवळच पैसा आणि अक्षरओळख यांची वानवा असेल, तर वर्गणीदारांची वही भरणार कशी? स्वतंत्र अभिव्यक्तीला जागा लागते, आणि ती जागा टिकविण्यास नोंदलेला, बांधलेला वाचकवर्ग लागतो, ही दुहेरी अट येथे स्पष्ट होते.

साठोत्तरी लघुअनियतकालिकांनी या अटीला वेगळे उत्तर दिले. १९५५ च्या सुमारास निघालेले चक्रमुद्रित ‘शब्द’ किंवा पुढील दशकातील ‘असो’, ‘वाचा’ यांसारख्या उपक्रमांनी वाचकसंख्येची अपेक्षाच मुळात मर्यादित केली. थोड्या प्रती, ठाऊक असलेले वाचक आणि केव्हाही थांबण्याची मोकळीक. ‘अनियतकालिक’ या नावातच वेळापत्रकाचे बंधन नाकारलेले होते. येथे वही छोटी होती. परंतु ती संपादकाच्या खिशात होती.

या तिन्ही उदाहरणांतील सामाजिक हेतू परस्परांहून अतिशय भिन्न आहेत, आणि त्यांना एका ओळीत बसविण्याचा येथे हेतू नाही. मात्र ‘स्वतंत्र’ या विशेषणाची घडण तपासताना तिघांच्याही बाबतीत तीन गोष्टी पाहाव्या लागतात : साधन कोणाचे, प्रत कोणाजवळ आणि वही कोणाजवळ. महाजालावरील चित्रफितीचा विचारही याच तीन प्रश्नांनी करता येतो.

३

स्वतंत्र चित्रफितीच्या इतिहासात २००६ हे वर्ष निर्णायक ठरले. यूट्यूबची स्थापना २००५ च्या फेब्रुवारीत झाली होती आणि ऑक्टोबर २००६ मध्ये ती कंपनी १६५ कोटी डॉलरना विकत घेत असल्याचे गूगलने जाहीर केले. या दोन घटनांच्या मधल्या काळात अमेरिकेत दोन प्रयोग झाले. ते परस्परविरोधी दिशांचे असल्याने त्यांची तुलना उद्बोधक ठरते.

पहिला प्रयोग झी फ्रँक याचा. ‘द शो’ हा त्याचा कार्यक्रम १७ मार्च २००६ रोजी सुरू झाला आणि आधीच ठरविल्याप्रमाणे बरोबर एक वर्षाने, १७ मार्च २००७ रोजी संपला. सोमवार ते शुक्रवार, रोज काही मिनिटे, कॅमेऱ्याला खेटून बोलणारा एकच चेहरा आणि तुटक, वेगवान संकलन, असे त्याचे स्वरूप होते. कार्यक्रमाचे घर म्हणजे फ्रँकचे स्वतःचे संकेतस्थळ. प्रेक्षक तेथे येत, एकमेकांशी बोलत, कामेही करीत. पृथ्वीच्या दोन विरुद्ध बिंदूंवर एकाच वेळी पावाचे तुकडे ठेवून ‘पृथ्वीचे सँडविच’ करण्याचा विक्षिप्त उद्योग त्यांनी स्पेन आणि न्यूझीलंड येथून तडीस नेला. काही शुक्रवारी तर कार्यक्रमाची संहिताच प्रेक्षकांनी एकत्रितपणे लिहिली आणि फ्रँकने ती आज्ञाधारकपणे सादर केली. लेखकाच्या मृत्यूविषयी रोलाँ बार्थने १९६७ मध्ये जे प्रतिपादन केले, त्याचे येथे एक खेळकर, पण नेमके प्रात्यक्षिक दिसते. वाचक लेखकाच्या जागी येतो. मात्र ज्या घरात तो येतो त्याची किल्ली लेखकाजवळच असते.

दुसरा प्रयोग ‘लोन्लीगर्ल १५’ हा. १६ जून २००६ पासून ‘ब्री’ नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीची चित्रफितींतील रोजनिशी यूट्यूबवर प्रकट होऊ लागली. खोलीत एकटीच बसून आईवडिलांविषयी, मित्राविषयी, घरातील धार्मिक शिस्तीविषयी बोलणारी ही मुलगी लक्षावधी प्रेक्षकांनी खरी मानली. पुढे संशय वाढला, प्रेक्षकांनीच चिकाटीने शोध घेतला आणि सप्टेंबर २००६ मध्ये उघड झाले की ब्री हे पात्र आहे, ते जेसिका रोझ ही अभिनेत्री साकार करीत आहे आणि माइल्स बेकेट, मेश फ्लिंडर्स व ग्रेग गुडफ्राइड हे या मालिकेचे कर्ते आहेत. मालिका त्यानंतरही चालू राहिली व १ ऑगस्ट २००८ रोजी संपली.

कादंबरीच्या अभ्यासकाला यात फारसे अपूर्व वाटणार नाही. ‘रॉबिन्सन क्रूसो’च्या १७१९ मधील मुखपृष्ठावर ही हकीकत क्रूसोनेच लिहिली असल्याचा निर्देश होता आणि ‘पामेला’ प्रसिद्ध करताना १७४० मध्ये रिचर्डसनने केवळ संपादकाची भूमिका घेतली होती. नवा रूपबंध आरंभी दस्तऐवजाचा वेष घेऊन येतो, हा वाङ्मयीन इतिहासाचा जुना अनुभव आहे. ब्रीच्या प्रकरणात नवे आहे ते वेगळेच. तिचे खरेपण केवळ तिच्या बोलण्यातून सिद्ध होत नव्हते. ती कोठे बोलते यातूनही सिद्ध होत होते. यूट्यूब हे त्या वेळी हौशी, अनामिक माणसांचे ठिकाण समजले जाई. मंचाविषयीची ही समजूत हाच त्या कथेचा पहिला साक्षीदार होता. तीच चित्रफीत एखाद्या निर्मितिसंस्थेच्या संकेतस्थळावर झळकली असती, तर ती पहिल्या मिनिटातच ‘मालिका’ ठरली असती. म्हणजे स्थान हा येथे संहितेचा भाग होता.

अर्थात कर्त्यांनाही त्या स्थानाच्या मर्यादा उमगल्या होत्या. प्रेक्षक यूट्यूबवर मिळत होता; परंतु २००६ मध्ये तेथे सामान्य निर्मात्याला जाहिरातीतील वाटा मिळण्याची सोय नव्हती. ती व्यवस्था २००७ मध्ये निवडक निर्मात्यांपासून सुरू झाली. त्यामुळे ‘लोन्लीगर्ल’च्या चित्रफिती उत्पन्नासाठी जाहिरातीतील वाटा देणाऱ्या ‘रेव्हर’ या सेवेवरही ठेवल्या गेल्या आणि पुढे चाहत्यांना मालिकेच्या स्वतंत्र संकेतस्थळाकडे वळविण्याचा प्रयत्न झाला. प्रेक्षक एका ठिकाणी, पैसा दुसऱ्या ठिकाणी आणि घर तिसऱ्याच ठिकाणी, अशी ही विभागणी होती. कर्त्याचे स्वातंत्र्य या तीन ठिकाणांच्या मधल्या वाटांवर खर्ची पडत होते.

झी फ्रँकला ही धावपळ करावी लागली नाही. पण त्याचा मार्ग सर्वांना परवडणारा होता असेही म्हणता येत नाही. त्या काळी स्वतःच्या संकेतस्थळावरील चित्रफीत जितकी अधिक पाहिली जाई, तितके माहिती वाहून नेण्याचे बिल वाढे. लोकप्रियता हाच दंड ठरे. छापील पुस्तकाची प्रत खपली की पैसा येतो; येथे प्रत पाहिली गेली की पैसा जात होता. यूट्यूबने हा भार स्वतःवर घेतला, हे त्याच्या यशाचे एक साधे आणि पुष्कळदा विसरले जाणारे कारण आहे. निर्मात्यांनी भाबडेपणाने आपले घर सोडले असे नव्हे. घर चालविण्याचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता.

या तुलनेचा उत्तरार्ध २०१२ मध्ये घडला. फ्रँकने नव्या कार्यक्रमासाठी प्रेक्षकांकडे निधी मागितला, तेव्हा १ लाख ४० हजार डॉलरहून अधिक रक्कम जमली. पाच वर्षे बंद असलेल्या कार्यक्रमाच्या कर्त्यामागे प्रेक्षक उभा राहिला. रोजच्या सहभागातून निर्माण झालेले नाते कोणत्याही मंचाच्या शिफारशीवर अवलंबून नव्हते, याचे हे गमक होय. मात्र नवा कार्यक्रम यूट्यूबवर प्रसिद्ध झाला, हेही नोंदविले पाहिजे. तोवर स्वतःचे घर ही कल्पनाच बाजूला पडली होती.

४

कायद्याच्या भाषेत पाहिले, तर निर्मात्याने काहीच गमावलेले नसते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटकृतीचा कर्ता निर्माता मानला जातो आणि प्रसिद्धीनंतर ६० वर्षे तिचा हक्क अबाधित राहतो. त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि कृतीच्या विकृतीस हरकत घेण्याचा अधिकार कर्त्याला दिलेला आहे. हक्क दुसऱ्याला विकले तरी तो उरतो. यूट्यूबच्या अटीही स्वामित्व निर्मात्याचेच असल्याचे सांगतात. त्या मागतात तो केवळ परवाना : जगभर लागू असलेला, अनन्य नसलेला, विनामोबदला, पुढे इतरांना देता येण्याजोगा.

‘केवळ’ या शब्दावर येथे थोडे थांबावे लागते. हा परवाना पुस्तकाच्या करारासारखा वाटाघाटीतून ठरत नाही. लेखक आणि प्रकाशक यांच्या करारात आवृत्ती, प्रती, मानधन आणि मुदत यांचा उल्लेख असतो. तो कितीही एकतर्फी असला तरी दोन नामधारी पक्षांतील असतो. मंचाच्या अटी सर्वांना एकच असतात, आणि त्या बदलण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे असतो. जानेवारी २०१८ मध्ये यूट्यूबने जाहिरात-उत्पन्नासाठी किमान १००० वर्गणीदार आणि बारा महिन्यांत ४००० तासांचे दर्शन ही अट जाहीर केली. छोट्या वाहिन्यांचे जुजबी उत्पन्न त्यामुळे थांबले. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत आणि जून २०२१ पासून अन्यत्र, ही पात्रता नसलेल्या निर्मात्यांच्या चित्रफितींवरही जाहिराती दाखविण्याचा अधिकार मंचाने अटींत घातला. त्यातील वाटा मात्र त्या निर्मात्यांना नाही. कृती निर्मात्याची, तिच्यापुढे लागणारी जाहिरात मंचाची आणि मोबदलाही मंचाचाच.

कसणारा एक आणि सातबारावर नाव दुसऱ्याचे, ही स्थिती महाराष्ट्राला परिचित आहे. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट कायद्याने कसणाऱ्याच्या नात्याला कायदेशीर अस्तित्व दिले. जमीन आणि मंच यांतील साम्य फार ताणण्याचे कारण नाही. मंचावरील जागा मुळात मंचानेच निर्माण केलेली असते. परंतु दीर्घ वहिवाटीतून काही हक्क उत्पन्न होतो, ही कल्पना महाजालाच्या अटींत कोठेही नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दहा वर्षे जोपासलेली वाहिनी आणि काल उघडलेली वाहिनी त्या अटींपुढे सारख्याच असतात.

स्वामित्वाच्या संरक्षणासाठी उभारलेली यंत्रणाही याच असमतोलाने चालते. दुसऱ्याचे गीत वा दृश्य वापरले गेल्यास ते हुडकणारी ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा यूट्यूबने २००७ मध्ये आणली. हक्कदाराला ती चित्रफीत अडविता येते, तिचे उत्पन्न आपल्याकडे वळविता येते किंवा तिच्यावर केवळ नजर ठेवता येते. याशिवाय रीतसर तक्रारीने ‘स्ट्राइक’ लागतो आणि ९० दिवसांत असे तीन लागले तर वाहिनीच बंद होऊ शकते. प्रतिवादाची सोय आहे; परंतु मोठी संगीतसंस्था आणि एकटा निर्माता यांना प्रतिवाद सारखाच परवडतो, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. विडंबन, टीका, उद्धरण या साहित्यव्यवहारातील मान्य रीती आहेत; भारतीय कायद्यातही टीका आणि समीक्षा यांसाठी न्याय्य वापराची तरतूद आहे. यंत्र मात्र दोन ध्वनींतील साम्य ओळखते. उद्धरणामागील हेतू ओळखणे हे त्याच्या आवाक्यातील काम नाही.

आणि मंचच बंद पडला तर? २००५ मध्ये स्थापन झालेली ‘ब्लिप’ ही सेवा स्वतंत्र मालिकाकर्त्यांचा विशेष आधार होती. २०१३ मध्ये ती दुसऱ्या संस्थेने घेतली आणि २० ऑगस्ट २०१५ रोजी बंद केली. भारतात याहून मोठी घटना २९ जून २०२० रोजी घडली. केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या आधारे ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. या निर्णयाच्या राजकीय गुणदोषांची चर्चा हा येथील विषय नव्हे. महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत आणि वाड्यावस्त्यांवर ज्यांनी या मंचावर आपला प्रेक्षक जमविला होता, त्यांचे काय झाले, हा प्रश्न मात्र विषयाच्या गाभ्याचा आहे. त्यांच्या कृतींचे स्वामित्व त्या रात्रीही त्यांचेच होते. कायद्याने त्यांचे काहीही हिरावले नव्हते. नाहीशी झाली ती वही. इतर मंचांवर जाऊन त्यांना पहिल्या माणसापासून मोजणी सुरू करावी लागली. ज्यांचे नाव आधीच मंचाबाहेर पोहोचले होते, ते तरले. ज्यांचे पोहोचले नव्हते, त्यांच्यासाठी प्रेक्षक म्हणजे केवळ एक पुसला गेलेला आकडा उरला.

५

या व्यवस्थेचा रूपबंधाशी संबंध कसा येतो, हे आता पाहता येईल. जेरार झनेत याने १९८७ च्या आपल्या ग्रंथात शीर्षक, मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना अशा संहितेच्या उंबरठ्यावरील घटकांचा विचार केला. पुस्तकाच्या बाबतीत हे घटक बाजूला ठेवूनही संहिता वाचता येते. महाजालावरील चित्रफितीत उंबरठा घरात शिरलेला दिसतो. तिचे शीर्षक, तिचे दर्शनी चित्र आणि तिचे पहिले काही सेकंद यांवर ती कोणासमोर ठेवली जाणार हे बव्हंशी अवलंबून असल्याने, निर्मितीचा विचारच तेथून सुरू होतो. कथेने हळूहळू उलगडावे ही मोकळीक येथे महाग पडते. उत्कर्षबिंदूचा तुकडा आरंभी दाखवून मग मागे जाण्याची जी रीत रूढ झाली आहे, ती निवेदनतंत्रातील प्रयोगशीलतेतून आलेली नाही.

लांबीचेही तसेच. ऑक्टोबर २०१२ पासून यूट्यूबने केवळ ‘किती वेळा पाहिले’ याऐवजी ‘किती वेळ पाहिले’ याला महत्त्व दिले. चित्रफितीच्या मध्ये जाहिरात घालण्यासाठी पूर्वी दहा मिनिटांची आणि जुलै २०२० पासून आठ मिनिटांची किमान लांबी ठरली. परिणामी दहा मिनिटांच्या रेषेला जेमतेम ओलांडणाऱ्या असंख्य चित्रफिती निर्माण झाल्या. आशय सहा मिनिटांचा आणि रूप दहाचे, ही विसंगती अनेक निर्मितींतील शैथिल्याचे मूळ आहे. समीक्षकाने ते केवळ कर्त्याच्या प्रतिभेच्या खाती टाकणे अन्यायाचे होईल.

यावर असा आक्षेप घेता येईल की, रूपबंध बाहेरून ठरणे यात नवे ते काय? वृत्तपत्राच्या रकान्याने ललित निबंधाची लांबी ठरविली, दिवाळी अंकांनी दीर्घकथेला पोसले, ग्रंथालयांच्या खरेदीने कादंबरीची पृष्ठसंख्या वाढविली. आक्षेप रास्त आहे. शुद्ध, निरुपाधिक रूप कधीच नव्हते. परंतु रकान्यामागे संपादक होता. त्याला नाव होते, अभिरुची होती, हट्ट होते. त्याच्याशी भांडता येत असे. त्याच्याविरुद्ध नवे नियतकालिक काढता येत असे. लघुअनियतकालिकांची चळवळ अशा भांडणांतूनच उभी राहिली. शिफारस करणाऱ्या यंत्रणेला अभिरुची नाही. तिच्याजवळ वर्तनाची नोंद आहे. तिच्याशी भांडता येत नाही; केवळ तिचा अंदाज घेता येतो. अभिजात समीक्षेतील ‘सहृदय’ किंवा वोल्फगांग इझरचा ‘अंतर्निहित वाचक’ यांच्या जागी निर्मात्याच्या मनात या अंदाजाने घडलेला प्रेक्षक बसतो. कृती कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने सरकते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मराठीच्या संदर्भात विशेष लागू पडतो. ज्या मंचाविषयी ही तक्रार करावयाची, त्यानेच पुण्या-मुंबईच्या प्रकाशन, नाट्य आणि चित्रपट व्यवहारात ज्यांना कधी दार उघडले नसते, अशांना जागा दिली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘भाडिपा’ने शहरी मराठी तरुणाचे बोलणे पडद्यावर आणले. ‘कोरी पाटी’ची ‘गावाकडच्या गोष्टी’ किंवा बारामती परिसरातील ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ यांसारख्या मालिकांनी गावातील माणसे, तेथील घरे, शेतबांध आणि मुख्य म्हणजे तेथील बोली यांना मध्यस्थाविना स्थान दिले. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत ‘बोली संवादात आणि प्रमाणभाषा निवेदनात’ ही विभागणी दीर्घकाळ वादाचा विषय होती. या मालिकांत निवेदक बहुधा नसतोच. बोली तेथे कोणाच्या अनुमतीने येत नाही. ‘दलित कॅमेरा’सारख्या उपक्रमांनी मुख्य प्रवाहातील माध्यमांनी दुर्लक्षिलेल्या साक्षी नोंदविल्या. ‘मूकनायक’पुढे असलेला जागेचा प्रश्न येथे एका अर्थाने सुटल्यासारखा दिसतो.

हे सर्व मान्य करूनच पुढे जावे लागते. प्रवेश मिळणे आणि स्थैर्य मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंचाने प्रवेशाचे लोकशाहीकरण केले. स्थैर्याचे केले नाही. किंबहुना ज्याला दुसरे दार नाही, त्याच्यासाठी हे परावलंबन अधिक घातक आहे. नामवंत नटाची वाहिनी बंद पडली तर त्याच्याजवळ रंगमंच आणि दूरचित्रवाणी उरते. वाडीवरील निर्मात्याजवळ त्या वाहिनीशिवाय काहीही नसते. ज्याचा मंचामुळे सर्वाधिक लाभ झाला, त्यालाच मंचाच्या लहरीचा सर्वाधिक धोका आहे.

६

स्वतंत्र निर्मात्याने आपला प्रेक्षक घडवावा कसा, याचे एक सूत्र या विवेचनातून हाती येते. मंच ही चावडी मानावी. घर मानू नये. चावडीवर माणसे भेटतात, ओळख होते. पण ओळखीचे रूपांतर नात्यात अन्यत्र व्हावे लागते. प्रत्यक्ष प्रयोग, तिकीट काढून येणारा प्रेक्षक, पत्त्यांची स्वतः राखलेली यादी, स्वतःच्या संकेतस्थळावरील मूळ प्रत, थोड्यांनी नियमित दिलेली खरी वर्गणी, ही साधने जुनी आहेत, पण त्यांच्यामुळे वही पुन्हा कर्त्याच्या हाती येते. झी फ्रँकच्या प्रेक्षकाला २०१२ मध्ये हाक मारता आली, ती त्यांची संख्या मोठी होती म्हणून नव्हे. त्यांना एकदा एकत्र काम करावयास लावले होते म्हणून.

दुसरा मुद्दा प्रतीचा आहे. तुकोबांच्या गाथेविषयीची आख्यायिका सर्वपरिचित आहे. चमत्काराचा भाग वगळला, तरी तीत एक ठोस सत्य उरते : मूळ वह्या बुडाल्या तरी अभंग उरू शकतात, कारण ते टाळकऱ्यांच्या कंठात आणि जगनाड्यांसारख्यांच्या हस्तलिखितांत असतात. कृतीचे आयुष्य ग्रहण करणाऱ्याजवळ असलेल्या प्रतीवर अवलंबून असते. महाजालावरील आरंभीच्या चित्रफिती पुष्कळदा प्रेक्षकाच्या संगणकावर उतरत. आज त्या प्रेक्षकासमोरून वाहून जातात. पाहणारे लक्षावधी आणि प्रत जेमतेम एकाजवळ, अशी स्थिती कोणत्याही हस्तलिखित परंपरेतही नव्हती. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार ग्रंथांच्या, आणि पुढील दुरुस्तीनुसार वृत्तपत्रांच्याही, प्रती ठरावीक ग्रंथालयांकडे जातात. चित्रफिती त्याच्या कक्षेत नाहीत. ग्रामीण बोलीतील या मालिका उद्या भाषाभ्यासकाला लागतील. त्या वेळी त्या कोठे शोधाव्यात, याची कायमस्वरूपी व्यवस्था विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आणि साहित्यसंस्थांनी निर्मात्यांची अनुमती घेऊन आजच उभारणे आवश्यक आहे. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तरीही जुन्या मूकपटांपैकी फारच थोडे हाती लागतात. हा धडा विसरण्याजोगा नाही.

तिसरा मुद्दा समीक्षेच्या स्वतःच्या कर्तव्याचा आहे. मराठी समीक्षेने या निर्मितीकडे एकतर करमणूक म्हणून पाठ फिरविली आहे, किंवा प्रेक्षकसंख्येचे आकडे उद्धृत करून तिचा गौरव केला आहे. दोन्ही भूमिकांत कृतीचे वाचन होत नाही. दुसऱ्या भूमिकेत तर मंचाचीच मोजपट्टी समीक्षेने उसनी घेतलेली असते. मिशेल फुकोने १९६९ मध्ये ‘लेखक म्हणजे काय’ हा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा लेखकाचे नाव ही संहितांच्या वितरणाची व वर्गीकरणाची एक व्यवस्था आहे, असे त्याने दाखविले. आज ती व्यवस्था पुष्कळ अंशी मंचाकडे गेली आहे. तेव्हा चित्रफीत वाचताना तिचे कोणते गुणदोष कर्त्याचे आणि कोणते स्थानाचे, हे वेगळे काढणे हे समीक्षेचे पहिले काम ठरते. आठव्या मिनिटाला कथा का वळते, पात्र मधूनच प्रेक्षकाला वर्गणीदार होण्याची विनंती का करते, शांतता इतकी दुर्मीळ का झाली आहे, या प्रश्नांची उत्तरे सौंदर्यशास्त्र आणि मंचाच्या अटी यांच्या सीमेवर सापडतात.

‘स्वतंत्र’ हे विशेषण त्यामुळे सहजगत्या वापरता येणार नाही. कॅमेरा स्वतःचा असणे, आशयावर कोणाची कात्री नसणे आणि कागदोपत्री स्वामित्व शाबूत असणे, एवढ्याने निर्माता स्वतंत्र होत नाही. मंच उद्या नाहीसा झाला, तर आपल्या प्रेक्षकाला परवा कोठे यावे हे ज्याला सांगता येते, तोच स्वतंत्र होय. २९ जून २०२० च्या रात्री महाराष्ट्रातील किती निर्मात्यांना ते सांगता आले असते, या प्रश्नापाशी हा विचार येऊन थांबतो. आणि त्याचे उत्तर निर्मात्यांइतकेच मराठी वाङ्मयसंस्थांनीही द्यावयाचे आहे.